आभाळाकडे पाहणारे मुखवटे

विज्ञानाचा इतिहास हा माणसाच्या अंधाराकडून प्रकाशाकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास आहे. आमच्या तालुक्यात हे वाक्य मी इतक्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं आहे की ते खरं असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. अंधाराकडून प्रकाशाकडे रोज जाणारी जी माणसं मी पाहिली होती ती मात्र मोहफुलं वेचणारी. मार्च संपत आला की ती पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन निघतात आणि उजाडायच्या सुमारास झाडाखाली पोचतात. प्रकाश झाला की ती आधी आजूबाजूला पाहतात आणि मग खाली. ऊन चढलं की सगळी घरी परत येतात. प्रवास म्हणावा असं त्यात फारसं काही नसतं.

यंदा मोहाचा वास मला एसटीत आला. गडचिरोलीला मी कॉलेजात इतिहास शिकवतो. गाव सिंदेवाहीच्या आत, जंगलाच्या कडेला. सुट्टीत गावाकडे निघालो होतो आणि कोणीतरी माझ्या सीटखाली पोतं सरकवलं. हा वास सांगता येत नाही. गोड असतो, थोडा आंबूस, भिजलेल्या गोणपाटासारखा, आणि त्यात मागे कुठेतरी जळलेल्या पानांचा धूर. लहानपणापासून तो नाकात बसलेल्या माणसाला तो आवडतोच असं नाही. त्याचं त्यापुढे काही चालत नाही, एवढंच. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट मागितलं. पोत्याची मालकीण म्हणाली की पोतं काही सीटवर बसलेलं नाही. कंडक्टरनं यावर विचार केला आणि पुढे गेला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पळस झडून गेला होता, कुसुमाच्या झाडांना तांबडी पालवी आली होती, आणि मला तो मुखवट्यांचा मोसम आठवला.

मोह वेचणं हे दिसायला सोपं काम आहे. झाड ज्या घराचं, त्या घरानं आधी खालचा पालापाचोळा झाडून जाळायचा, म्हणजे फूल पडलेलं दिसतं. मग रोज पहाटे जायचं. फुलं टपटप पडत असतात. अंधारात तो आवाज ऐकला की वाटतं, कोणीतरी फार सावकाश चालत येत आहे. वाकायचं, वेचायचं, पुढे सरकायचं, पुन्हा वाकायचं. कंबर मोडते. आणि वाकलेल्या माणसाला आपल्या पायांखेरीज काही दिसत नाही.

म्हणून आमच्या गावात राखण बसायची. चार-पाच घरांची झाडं जवळजवळ असली की त्यांतला एकजण फुलं वेचायचा नाही. तो बुंध्याला पाठ टेकून बसायचा, थोड्या थोड्या वेळानं पत्र्याचा डबा वाजवायचा आणि तोंडानं काहीबाही बोलत राहायचा. गावातली भांडणं, कोणाची म्हैस, कोणाचा जावई. वेचणाऱ्या बाया खालूनच उत्तरं द्यायच्या. परत निघताना प्रत्येकीनं आपल्या टोपलीतली एक ओंजळ त्याच्या टोपलीत टाकायची. आमच्या टोळीचा राखणदार माझा मोठा भाऊ होता. दादाला डबा वाजवायची फार हौस. लग्नात बँडवाल्यांनी त्याला घेतलं नाही याचं उट्टं तो असं काढायचा.

त्या वर्षी पलीकडच्या गावातली एक बाई मोहाखाली असताना वाघानं नेली. गावात दोन दिवस धड चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी लोक पुन्हा जंगलात गेले, कारण फूल कोणासाठी थांबत नाही. आणि त्यानंतर लगेच मुखवटे आले.

मुखवटे येण्याचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. मंडप होता, नारळ होता, पाहुण्यांना शालींची तीव्र गरज नसताना शाली होत्या. ऊन एवढं होतं की माइकला हात लावणारा प्रत्येक वक्ता आधी दचकत होता. मुख्य पाहुण्यांनी अंधाराकडून प्रकाशाकडे जाणारं वाक्य म्हटलं आणि मग सांगितलं की वाघ नेहमी पाठीमागून हल्ला करतो, चेहरा दिसला तर करत नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेलं आहे. तेव्हा प्रत्येकानं डोक्याच्या मागच्या बाजूला हा मुखवटा बांधावा. मग एका वाघाचा वेश घेतलेल्या कर्मचाऱ्यानं स्टेजवर मागून येऊन, मुखवटा पाहून, परत जाऊन दाखवलं. टाळ्या झाल्या. उकाड्यानं वाघाला नंतर पाणी मारावं लागलं.

मुखवटा प्लॅस्टिकचा. गोरापान, गुलाबी गालांचा, झुपकेदार मिशांचा पुरुष. तसा माणूस आमच्या पंचक्रोशीत कोणी पाहिलेला नव्हता. शेवंतावहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, तो बांधला तेव्हा शेजारची गिरजाबाई म्हणाली, "पुढून बायको, मागून नवरा. आता याले दोन भाकरी घालजो वो." वहिनी म्हणाली, घरचा काम करत नाही, हा तरी करते का पाहू. बाया हसत सुटल्या. असं हसणं मी त्या महिन्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं, म्हणून मुखवट्यांबद्दल माझं मत सुरुवातीला चांगलंच होतं.

मृदुलाताई त्याच आठवड्यात आल्या. त्या माझ्या नागपूरच्या दिवसांपासूनच्या ओळखीच्या, वयानं मोठ्या. विज्ञानाच्या इतिहासकार, त्यातही त्यांचा विषय असा की विज्ञानाच्या नावावर चुकीच्या गोष्टी कशा पसरतात आणि सरकारी धोरणात कशा जाऊन बसतात. काहीही "सिद्ध झालेलं आहे" असं कोणी म्हटलं की त्या शांतपणे विचारतात, कुणी केलं, कुठे, कसं. या सवयीमुळे त्यांना समारंभांची आमंत्रणं कमी येतात. मी फोनवर मुखवट्यांचं सांगितलं आणि त्या बॅग घेऊन आल्या.

गावात डॉक्टरबाई आल्याची बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर ताप आलेली माणसं बसलेली. ताईंनी आपण तशा डॉक्टर नाही असं समजावलं. मंग कायच्या, असं एका म्हातारीनं विचारलं. चुकीच्या विज्ञानाच्या, असं त्या म्हणाल्या. म्हातारीनं मान हलवली आणि म्हणाली की मग तर बरोबर ठिकाणी आलो, आणि हात पुढे केला.

गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. मृदुलाताई तिथे दगडावर बसून दिवसचे दिवस फोन करत. मुखवट्याचं वाक्य कुठून आलं, हे त्या उलट्या वाटेनं शोधत होत्या. आमच्याकडच्या वनखात्याच्या साहेबांनी ते दुसऱ्या एका जंगलातल्या पत्रकावरून घेतलं होतं. त्या पत्रकवाल्यांनी कोणाच्या तरी भाषणावरून. भाषणवाल्यानं कुठल्याशा बातमीवरून. बातमीच्याही मागे, फार मागे, दूर पूर्वेला, खाऱ्या पाण्याच्या दलदलीच्या जंगलातली एक हकिकत होती. तिथे मध काढायला जाणारी माणसं डोक्यामागे मुखवटा बांधत, आणि काही काळ त्याचा उपयोग झाल्यासारखा वाटला होता. पुढे वाघांना ते कळलं असावं, असंही तिथली माणसं म्हणत.

संध्याकाळी अंगणात, वाळत घातलेल्या फुलांच्या कडेला बसून त्यांनी हे मला सांगितलं, आणि त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. मला वाटलं होतं, त्यांना कोणी लबाड सापडला असेल. लबाड सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांचा अर्धा जन्म लबाडांच्या मागावर गेला होता. इथे कोणीच खोटं बोललं नव्हतं. पहिल्यानं "काही काळ" म्हटलं होतं, ते दुसऱ्यानं गाळलं. दुसऱ्यानं "त्या जंगलात" म्हटलं होतं, ते तिसऱ्यानं गाळलं. "वाटलं" होतं ते कोणीतरी "दिसलं" केलं, आणि "दिसलं" होतं ते आमच्या पाहुण्यांनी "सिद्ध" केलं. प्रत्येकानं एकच लहानसा शब्द खाली ठेवला होता. सगळी भली माणसं.

अंगणातली फुलं तेव्हा निम्मी वाळली होती. ताजं फूल पिवळटसर, रसानं फुगलेलं असतं. वाळलं की तपकिरी सुरकुतलेला मणी होतो. पोत्यात गेलं की ते कोणत्या झाडाचं, कोणत्या सकाळचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बाजारात फक्त मोह म्हणतात. मला वाटतं, ज्ञानाचंही बहुधा असंच पोत्यातून जाणं-येणं चालत असावं. इतिहासाचा मास्तर असून हे मला तोवर सुचलं नव्हतं याचं आश्चर्य वाटतं.

पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी पहाटेचा होता. मृदुलाताई वहिनीबरोबर मोहावर गेल्या, मीही गेलो. उजाडलं. जळक्या काळ्या जमिनीवर फुलं सांडली होती. वहिनी, गिरजाबाई आणि आणखी दोघी, चौघींनी मुखवटे बांधले होते. चौघी वाकल्या.

आणि चारी मुखवटे वर झाले. गुलाबी गाल, मिशा, रंगवलेले डोळे, सगळे आभाळाकडे. जमिनीवर वाकलेल्या चार बाया, आणि त्यांच्या डोक्यांवर चार गोरे पुरुष, पाऊस कधी येणार असं विचारत असल्यासारखे. मागून येणाऱ्या कोणालाही त्या मुखवट्यांच्या फार तर हनुवट्या दिसल्या असत्या. मध काढणारी माणसं चालतात. मोह वेचणारी वाकतात. एवढा फरक त्या सगळ्या साखळीत कोणाच्या मनात आला नव्हता. माझ्याही नाही, आणि मी तर त्या वाकण्यात वाढलो.

मृदुलाताईंनी झाडांच्या बुंध्यांकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, राखणदार कुठे आहे. मी त्यांना ती पद्धत कौतुकानं सांगितली होती. बुंध्याशी कोणी नव्हतं. मुखवटे आले तसा राखणदार गेला. आता प्रत्येकीजवळ स्वतःचा राखणदार आहे, मग एक माणूस फुकट कशाला बसवायचा, असं गावानं ठरवलं होतं. दादा सूरजागडच्या रस्त्यावर टँकरनं पाणी मारायच्या कामाला निघून गेला होता. खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ बसवायची, अशी ती नोकरी. धूळ बसत नाही; नोकरी चालू राहते.

म्हणजे मुखवट्यानं वहिनीला काही दिलं नव्हतं, आणि होती ती राखण काढून घेतली होती. परतताना मृदुलाताईंनी तिला हे सांगायचा प्रयत्न केला. खाऱ्या पाण्याचं जंगल, वाकणं, आभाळ. वहिनी डोक्यावर टोपली घेऊन ऐकत होती. मग ती थांबली.

"बाई, मुखवटा काही वाघासाठी नाई," ती म्हणाली. "वाघानं नेलं तं घरच्याइले सरकारचे पैसे भेटले पायजे ना. मुखवटा नसन तं साहेब लिवते, बाईचीच चूक होती. मंग काहीच भेटत नाई."

हे तिनं तिखट-मीठ संपल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं. आम्ही दोघंही वाटेतच उभे राहिलो. ती रोज पहाटे आरशासमोर उभी राहून, आपण मेल्यावर कागद नीट व्हावा म्हणून, तो मिशांचा पुरुष बांधत होती. गिरजाबाईही. गावातली प्रत्येक बाई. आणि ज्या दिवशी हसत होत्या त्या दिवशीही त्यांना हे ठाऊक होतं की काय, हे मी अजून वहिनीला विचारलेलं नाही.

मृदुलाताई त्याच दुपारी साहेबांकडे गेल्या. साहेब सभ्य, हसतमुख. त्यांनी थंड पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं की असा काही नियम नाही. मुखवटा असो वा नसो, मदत मिळतेच. ताईंनी विचारलं, मग गावागावांत हे जाहीर का करत नाही? साहेब जरा ओशाळले. म्हणाले, "मॅडम, अफवा आहे हे खरं. पण त्यामुळे वापर वाढलाय." बाहेर येऊन त्या जीपच्या बॉनेटला हात टेकून उभ्या राहिल्या; बॉनेट तापलेलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

अस्वलाबद्दल विचारायचं राहून गेलं. मोहावर अस्वलंही येतात, आणि ती समोरून येतात.

नियम नाही हे कळल्यावर वहिनीनं मुखवटा काढला. वांग्यांच्या वाफ्यात काठीवर टांगला, माकडांसाठी. माकडं त्याच्या शेजारी बसून वांगी खात. मग ती मृदुलाताईंना म्हणाली, "काढला, तुमच्या सांगण्यानं. आता कोन बसन?"

मी बसतो म्हणालो. वहिनी म्हणाली, भाऊजी, तुम्ही बसल्या बसल्या झोपता, वर्गात पोरं बी तुमच्याकडून शिकले. हे अन्यायाचं होतं, पण खोटं नव्हतं. तेव्हा विज्ञानाच्या इतिहासकार मोहाच्या बुंध्याला पाठ टेकून, दादाचा पत्र्याचा डबा मांडीवर आणि तो वाजवायला घरातली पळी हातात घेऊन बसू लागल्या. बोलत राहायचं म्हणून त्या बायांना पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या लोकांची मंडळं असतात असं सांगत. गिरजाबाईनं खालूनच विचारलं की त्यांच्यात पाहुणे, शाली, नारळ असते का. असतात, असं कळल्यावर तिनं पुढे काही विचारलं नाही.

एका सकाळी फुलं कमी होती. मी नाल्याच्या बाजूला होतो. ताई बोलत होत्या आणि बोलता बोलता थांबल्या. माझ्या लक्षात आली ती शांतता. डबा नाही, आवाज नाही, फुलं पडण्याचा टपटप आवाज मात्र चालू. मी मान वर केली. ताई समोर पाहत होत्या. वहिनी त्यांच्याकडे तोंड करून वाकलेली होती, आणि तिच्या पाठीमागे, जिथे नाल्याचा काठ वर येतो, तिथे वाघ उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. जळक्या जमिनीवर तो फार स्वच्छ दिसत होता. तो वहिनीच्या पाठीकडे पाहत होता, एखादं काम नीट समजून घ्यावं तसा.

ताईंच्या हातातली पळी खाली पडली. त्या नंतर म्हणाल्या की त्या क्षणी त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: हिचा मुखवटा मी काढायला लावला. मुखवट्याचा उपयोग नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्या क्षणी त्या माहितीला काही किंमत नव्हती. मग त्यांनी रिकाम्या तळहातानं डबा बडवायला सुरुवात केली. बेताल, दोन्ही हातांनी, पत्रा वाकेपर्यंत. बायांनी मागे वळून न पाहता आधी एकमेकींकडे धाव घेतली, एका गठ्ठ्यात उभ्या राहिल्या आणि ओरडू लागल्या. वाघानं आमच्याकडे पाहिलं. तो घाबरला नाही. वळला आणि नाल्यात उतरला.

वहिनी खाली बसली. तिच्या टोपलीतली फुलं सांडली होती. ती वेचायला लागली. गिरजाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली की राहू दे, आज वाघाची ओंजळ. वहिनी मग रडली. मृदुलाताईंच्या तळहातांना पत्रा लागला होता, रक्त येत होतं.

पुढचं सगळं दिवसाढवळ्या झालं. बातमी आली की मुखवट्यामुळे महिलेचा जीव वाचला आणि एका शास्त्रज्ञ बाईंनी ते स्वतः पाहिलं. ज्या वाक्याचा उगम शोधायला त्या आल्या होत्या, त्याला आता पक्का उगम मिळाला होता, आणि तो त्या स्वतः होत्या. मी त्यांना पेपर दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि हळूच टाकीजवळच्या दगडावर बसल्या. खुलासा पाठवला. खुलाशाचं उत्तर म्हणून त्यांना पुढच्या मुखवटा-वाटपाला मुख्य पाहुण्या म्हणून बोलावलं.

त्या गेल्या. मंडप, नारळ, शाल, सगळं होतं. त्यांनी माइकवर सांगितलं की त्या दिवशी वहिनीचा मुखवटा वांग्यात होता. वाघ डब्यामुळे गेला, ओरडण्यामुळे गेला, की त्याला जायचंच होतं, हे आपल्याला माहीत नाही, आणि एका सकाळवरून कोणी काही सिद्ध झालं म्हणू नये. पण एक माणूस न वाकता बसलेला असावा, त्यानं पाहत राहावं, आवाज करावा आणि बाकीच्यांनी जवळ राहावं, एवढं शहाणपण गावात आधीपासून होतं. ते परत आणा, त्या माणसाची मजुरी द्या. फार जोरात टाळ्या झाल्या. साहेबांनी पुढे वाकून टिपून घेतलं. परतीच्या वाटेवर ताई म्हणाल्या, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी ऐकलं असं वाटलं. त्या दिवशीचं त्यांचं हसणं मला आठवतं. जळलेल्या पानांचा धूर होता आणि त्यांच्या हातांना पट्ट्या होत्या.

यंदा गावात उतरलो तेव्हा दादा घरी होता. टँकरची नोकरी त्यानं सोडली आहे. मजुरी कोणी देत नाही, पण तो राखण बसतो, ओंजळीवर. वहिनी त्याच्या पुढ्यात, त्याला दिसेल अशी वेचते. पहाटे मी त्यांच्याबरोबर गेलो. दादानं गावातल्या जावयांची सगळी प्रकरणं मोठ्यानं सांगितली आणि वहिनीनं खालून त्यांतल्या चुका काढल्या. मी सारखा नाल्याकडे पाहत होतो. अजूनही ती टपटप ऐकली की माझ्या मानेवर काटा येतो, आणि तो यायचा थांबेल असं वाटत नाही.

मुखवट्यांची योजना आता बंद झाली आहे. परत आल्यावर वहिनीनं मला नवी योजना दाखवली. मृदुलाताईंच्या भाषणाची दखल वरपर्यंत घेतली गेली आणि या मोसमापासून मोह वेचणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सरकारतर्फे एक डबा मिळाला आहे. डबा प्लॅस्टिकचा आहे. झाकण घट्ट बसतं, मुंग्या शिरत नाहीत.